दारावरची माणसं

पावणे गावात नाट्यगृह नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत, पाळ्यांमध्ये चालणारे कारखाने, त्यांच्या शेजारचं जुनं गाव आणि कामधंद्यासाठी कोकणातून, घाटावरून येऊन स्थिरावलेली कुटुंबं, असा हा पट्टा. इथल्या माणसाला नाटक बघायचं तर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जायचं, नाहीतर उलट्या दिशेने ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा काशिनाथ घाणेकर नाट्यगृह गाठायचं. पण याच पट्ट्यातली कितीतरी माणसं नाट्यगृहात जातात ती काम करायला. गावाकडच्या मंडळाचं नमन हे लोकनाट्य असो, कामगार नाट्यस्पर्धेत उतरलेला गट असो की सोसायटीच्या हौशी कलाकारांचा प्रयोग असो, छातीवर बिल्ला लावून ती दारावर उभी राहतात, तिकिटं फाडतात, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून खुर्चीपर्यंत नेतात, मध्यंतरात वड्यांची रांग सांभाळतात.

व्यावसायिक नाटकात या कामाला पगारी माणसं असतात: खिडकीवर बुकिंग क्लार्क, दारावर डोअरकीपर, सगळ्यांवर व्यवस्थापक. हौशी आणि गावकीच्या प्रयोगांत ते काम कार्यकर्त्यांवर येतं. आज दार आपल्याकडे आहे, हे त्यांतल्या अनेकांना प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळीच कळतं. महिना-दोन महिने तालीम करणारी संस्था दाराची तालीम अर्धा तासही करत नाही. खरं तर दार हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि त्याचीही तालीम करता येते.

तिकीट आलं, मग दार आलं

वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या विष्णुदास भाव्यांच्या आयुष्यातच या कामाची सुरुवात दिसते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी त्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केलं. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा या खेळाला आश्रय होता. दरबारच्या खेळाला तिकीट नव्हतं. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला आणि मंडळी घेऊन गावोगाव फिरण्याची पाळी भाव्यांवर आली. १८५३ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले.

राजाच्या जागी आता पैसे मोजून आलेला प्रेक्षक बसला. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठे बसवायचं, कोणी पैसे दिले आणि कोणी दिले नाहीत, हे पाहायला माणूस लागला. पुढे संगीत नाटकांच्या काळात नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडात गायक नट आणि साजिंदे यांच्याबरोबरच हिशेब आणि दार सांभाळणारी माणसंही गावोगाव फिरू लागली.

तिकिटाच्या पैशातून सार्वजनिक काम उभं करण्याची रीतही जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नायकांना एका रंगमंचावर पाहायला लोकांची झुंबड उडाली होती.

हीच रीत मुंबई-नवी मुंबईतल्या कोकणी मंडळांनी आपल्या मापाने चालवली आहे. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाण्याची टाकी, अशा कामासाठी मुंबईकर मंडळ नाट्यगृहाचं एक सत्र भाड्याने घेतं आणि तिथे बहुरंगी नमन, शाहिरांचा शक्ती-तुरा किंवा नाटक लावतं. तिकिटांची पुस्तकं छापून वाडीवार वाटली जातात. परळच्या दामोदर हॉलने अशी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेलं हे नाट्यगृह गिरणगावच्या कामगार रंगभूमीचं घरच होतं. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा लोककलावंत आणि मंडळांचे कार्यकर्ते अस्वस्थ झाले, कारण त्यांना परवडणारं असं नाट्यगृह दुसरं सहजी मिळणारं नव्हतं.

प्लॅन, पुस्तक आणि पाचशे रुपये

बुकिंगच्या खिडकीमागे सगळ्यात मौल्यवान कागद असतो तो ‘प्लॅन’. एका मोठ्या कागदावर सगळं प्रेक्षागृह चौकोनाचौकोनांनी आखलेलं असतं. रांगेला अक्षर, खुर्चीला आकडा. तिकीट विकलं की क्लार्क त्या चौकोनावर काट मारतो आणि तोच आकडा तिकिटावर लिहितो. या दोन कृतींमध्ये कोणी हाक मारली, फोन वाजला, सुट्टे मागितले, की एकच खुर्ची दोघांना जाते. अनुभवी क्लार्क म्हणूनच आधी काट मारतात, मग तिकीट लिहितात आणि पैसे सगळ्यात शेवटी हातात घेतात. आता बुकमायशो आणि तिकिटालयसारख्या अ‍ॅपवर चौकोन आपोआप रंग बदलतो. पण मंडळाच्या प्रयोगात छापील पुस्तकं अजून चालतात, आणि अर्धी तिकिटं अ‍ॅपवर, अर्धी पुस्तकांत असली तर गोंधळ ठरलेला. त्यावर एकच उपाय लागू पडतो: रांगा आधीच वाटून घ्यायच्या. अमुक रांगेपर्यंत अ‍ॅप, तिथून मागे पुस्तक, आणि मधली सीमा शेवटपर्यंत हलवायची नाही.

एका खुर्चीवर दोघं आले की दारावरच्या माणसाची कसोटी लागते. प्रेक्षागृहात उभं राहून निवाडा करायचा नाही, हा पहिला नियम. दोन्ही तिकिटं हातात घ्यावीत आणि क्रमाने तपासावीत: तारीख, प्रयोगाची वेळ, मग रांग, मग आकडा. पुष्कळदा एक तिकीट दुपारच्या प्रयोगाचं निघतं, नाहीतर ‘बाल्कनी’ हा शिक्का नजरेतून सुटलेला असतो. तरीही पेच सुटला नाही तर जो आधी बसला आहे त्याला उठवू नये. दुसऱ्याला व्यवस्थापकाने राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसवावं आणि मध्यंतरात त्याच्याकडे पुन्हा जाऊन चौकशी करावी. यासाठी प्रत्येक प्रयोगाला चार-सहा खुर्च्या विकायच्याच नाहीत, ही जाणत्या व्यवस्थापकांची रीत आहे. हौशी संस्था नेमक्या त्याच खुर्च्या शेवटच्या क्षणी ओळखीच्या पाहुण्यांना देऊन टाकतात.

तिकिटाच्या किमतीमागेही एक कारण असतं आणि खिडकीवरच्या माणसाला ते सांगता आलं पाहिजे. वस्तू व सेवा करात नाटकाच्या तिकिटाला एका मर्यादेपर्यंत माफी आहे. सुरुवातीला ही मर्यादा २५० रुपये होती, जानेवारी २०१८ मध्ये ती ५०० झाली. मराठी नाटकाचं सगळ्यात पुढचं तिकीट पुष्कळदा पाचशेवर येऊन थांबतं, त्यामागे प्रेक्षकाची ऐपत जशी आहे तसा हा नियमही आहे.

तिसरी घंटा कोण देतं?

घंटा आतून वाजते, पण ती केव्हा वाजवायची हे बाहेरून ठरतं. पहिली घंटा होते तेव्हा लोक चहा पीत, ओळखीपाळखी काढत बाहेर उभे असतात. दुसऱ्या घंटेला दारावर गर्दी होते. तिसरी देण्याआधी रंगमंचामागून निरोप येतो, “बाहेर किती आहेत?” त्याचं उत्तर एकानेच द्यायचं असतं. “अजून बरेच आहेत” हे उत्तर निरुपयोगी. “डाव्या दारावर पंचवीस-तीस, उजवं मोकळं, पाच मिनिटं द्या” हे उपयोगी. दोन दारांवरून दोन वेगळी उत्तरं गेली की विंगेत उभा असलेला नट ताटकळतो.

पाच मिनिटांची किंमत नवी मुंबईत आणखी वाढते. नाट्यगृहाचं भाडं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी लागतं. दुपारचा प्रयोग लांबला की रात्रीच्या मंडळींना नेपथ्य लावायला वेळ उरत नाही. रात्रीचा लांबला तर प्रेक्षकांची शेवटच्या गाडीसाठी चुळबुळ सुरू होते. वाशीहून कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीकडे जाणारा प्रेक्षक ट्रान्स-हार्बरच्या लोकलवर किंवा बसवर अवलंबून असतो. मागच्या रांगांमधली माणसं शेवटचा प्रवेश चालू असताना उठू लागली, तर तो दोष त्यांच्या रसिकतेचा मानू नये. साडेआठचा प्रयोग नऊला का सुरू झाला, हे आधी विचारावं. मंडळांच्या कार्यक्रमांत या उशिराचं मोठं कारण सत्कार. देणगीदार, नगरसेवक, गावचे मानकरी यांचे नारळ-शाल राहिलेले असतात आणि त्यांतलं कोणी वाटेत अडकलेलं असतं. सत्कार मध्यंतरानंतर ठेवला आणि पत्रिकेत तसं छापलं, तर मान राहतो आणि वेळही राहते.

तिसऱ्या घंटेनंतर दिवे मंद होतात आणि टॉर्चचं काम सुरू होतं. उशिरा आलेल्या कुटुंबाला आत नेताना नवखा कार्यकर्ता टॉर्च खुर्च्यांच्या आकड्यांवर फिरवतो; झोत बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो, रंगमंचावरच्या नटालाही दिसतो. शिकलेला डोअरकीपर टॉर्च कमरेखाली धरतो. काचेवर बोटं आडवी ठेवून झोत अरुंद करतो आणि तो स्वतःच्या टाचेमागे, पायरीच्या कडेवर टाकतो, म्हणजे मागून येणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. आकडे त्याला पाठ असतात. रांगेपाशी थांबून तो बोटांनीच खूण करतो: आत तिसरी, चौथी, पाचवी. एका शब्दाचीही गरज पडत नाही.

उशिरा आलेल्याला लगेच सोडायचं की थांबवायचं, हे दिग्दर्शकाशी आधी बोलून ठरवावं. सुरुवातीच्या शांत प्रवेशात दार उघडलं की लॉबीचा उजेड पट्ट्यासारखा आत येतो. म्हणून नाटकात टाळी किंवा हशा पडणाऱ्या दोन-तीन जागा दारावरच्या माणसाला माहीत असाव्यात. त्या जागेला दार उघडायचं. नमनात किंवा शक्ती-तुऱ्यात हिशेब निराळा. तिथे प्रेक्षक शाहिराला दाद म्हणून बक्षीस द्यायला रंगमंचापर्यंत जातो, नाव पुकारलं जातं, शिट्ट्या पडतात. ही त्या खेळाची रीतच आहे. तिथे कार्यकर्त्याचं काम लोकांना अडवण्याचं नसतं. ये-जा करायची वाट मोकळी राहील आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना धक्का लागणार नाही, एवढं त्याने पाहावं.

मोबाइलचा प्रश्न गेल्या काही वर्षांत दारापर्यंत आला आहे. प्रयोग चालू असताना वारंवार वाजणाऱ्या फोनांना कंटाळून अभिनेते सुबोध भावे यांनी २०१९ मध्ये समाजमाध्यमावर उघड नाराजी मांडली आणि हे असंच चाललं तर नाटकात काम करणं थांबवू, असं लिहिलं. नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची चर्चाही तेव्हा रंगली. तिसऱ्या घंटेनंतरची ध्वनिमुद्रित सूचना पुष्कळांच्या कानांवरून जाते. तिकीट फाडताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून “काका, फोन सायलेंटवर आहे ना?” असं विचारलं, की हात आपोआप खिशाकडे जातो.

कडी

या कामाचा सगळ्यात गंभीर भाग दाराच्या कडीत आहे.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दुपारचा खेळ चालू होता. सुट्टीचे दिवस, त्यामुळे प्रेक्षकांत बायका-मुलं जास्त. नाट्यगृह नवंकोरं, उघडून जेमतेम पाच आठवडे झालेलं. रंगमंचावरच्या दिव्यातून ठिणगी उडाली, पडद्याने पेट घेतला. बाहेर पडायची काही दारं पडद्यांनी झाकलेली होती, काहींची कडी कशी उघडायची ते लोकांना कळेना. वरच्या स्वस्त तिकिटांच्या प्रेक्षकांनी खालच्या महाग जागांवर येऊ नये म्हणून जिन्यातली लोखंडी फाटकं कुलूपबंद केलेली होती. ६०० हून अधिक माणसं दगावली. तिकिटाच्या वर्गांची राखण करण्यासाठी लावलेलं कुलूप शेकडो जिवांवर बेतलं. या दुर्घटनेनंतर बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं आणि अंगाने ढकललं की सुटणारी आडवी दांडी यांचा प्रसार झाला.

भारतात १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ जण गेले. तिथे जादा खुर्च्या बसवून बाल्कनीतली बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती, दाराला कडी होती आणि धूर भरला तेव्हा दारावरचा माणूस जागेवर नव्हता. महाराष्ट्राने ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये सुरू झालेली ती वास्तू. त्या वेळी आत प्रयोग चालू नव्हता, म्हणून माणसं वाचली. बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ करणाऱ्या त्याच केशवरावांच्या नावाचं ते नाट्यगृह, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची जयंती होती.

पावण्याच्या कामगाराला यातलं काही परकं नाही. मे २०२२ मध्ये पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला मोठी आग लागली, तिचा काळा धूर दूरवरून दिसत होता. कारखान्यात मॉक ड्रिल होतं, असेंब्ली पॉइंट ठरलेला असतो, कोणी कुठे धावायचं हे प्रत्येकाला माहीत असतं. हाच माणूस रविवारी बिल्ला लावून नाट्यगृहाच्या दारावर उभा राहतो, तेव्हा हे ज्ञान त्याने सोबत आणावं. प्रेक्षक आत सोडण्याआधी बाहेर पडायची सगळी दारं स्वतःच्या हाताने उघडून बघावीत. त्यांच्यासमोर नेपथ्याच्या पेट्या, जनरेटरची केबल, वड्यांचं टेबल नसावं. प्रयोग चालू असेपर्यंत एकाही दाराला आतून कडी नको आणि फुकटे शिरतील या भीतीने बाहेरून कुलूप तर मुळीच नको. फुकटे अडवायला दारावर एक माणूस जास्त उभा करता येतो. वाटेत जादा खुर्च्या टाकण्याचा मोह हाऊसफुल्लच्या दिवशी होतो. तिथे व्यवस्थापकाने ठाम राहावं, मग समोर कितीही मोठा पाहुणा असो.

मध्यंतर

दहा-पंधरा मिनिटांत सगळं प्रेक्षागृह बाहेर येतं. दादरच्या शिवाजी मंदिराच्या बटाटेवड्याचा लौकिक नाटकांइतकाच मोठा आहे, आणि मंडळांच्या प्रयोगात वडा-चहाच्या विक्रीतून बऱ्यापैकी पैसे उभे राहतात. त्यामुळे हुशार कार्यकर्ते सगळे स्टॉलवर जमतात. खरी गरज मात्र महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेरच्या रांगेशी असते. ही रांग मध्यंतरात संपत नाही आणि बायका नाइलाजाने पुढचा अंक सुरू झाल्यावर अंधारात परत येतात. तिथे एक कार्यकर्ती उभी हवी. गरोदर, वयस्कर बायकांना तिने पुढे घ्यावं, पाणी संपलं तर लगेच सांगावं, आणि रांग संपत आली की दारावर निरोप पाठवावा, म्हणजे मध्यंतरानंतरची घंटा त्या निरोपावर होईल. चाकाच्या खुर्चीने आलेल्या प्रेक्षकाला कडेची जागा तिकीट देतानाच द्यावी आणि उताराची वाट कुठल्या बाजूला आहे हे फोनवर आधी सांगावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणं बंधनकारक केलं आहे.

प्रेक्षागृहातली सोय हा कलाकारांच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. मे २०२३ मध्ये रत्नागिरीत वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणेच्या दुरवस्थेमुळे अभिनेते भरत जाधव यांनी प्रयोगानंतर प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली होती. यंत्रणा नाट्यगृहाची असते, तिची दुरुस्ती मंडळाच्या हातात नसते. पण उकाडा आहे हे दिसल्यावर मध्यंतरात सगळी दारं सताड उघडणं आणि पिण्याचं पाणी पुढे आणून ठेवणं हातात असतं.

दाराची तालीम

हौशी संस्थेने हे सगळं बसवायचं कसं? रंगीत तालमीच्या दिवशी घरचे, शेजारचे वीस-पंचवीस लोक बोलवावेत आणि त्यांना प्रेक्षक करावं. त्यांच्या हातात तिकिटं द्यावीत, त्यांतली दोन मुद्दाम एकाच आकड्याची असावीत. एकाने उशिरा यावं, एकाने लहान मूल आणावं, एकाने मधेच उठून स्वच्छतागृह शोधावं. पहिला अंक चालू असताना टॉर्च वापरून बघावा आणि रंगमंचावरच्या नटाला विचारावं, झोत दिसला का. मग दिवे पूर्ण घालवून सगळ्यांना ठरलेल्या दारांनी बाहेर काढावं आणि घड्याळ लावावं.

माणसं कामांप्रमाणे वाटावीत. प्रत्येक दारावर दोघं: एकजण तिकीट फाडेल, दुसरा आत नेईल. आत नेणाऱ्याला प्लॅन पाठ हवा. खिडकीवर शांत डोक्याचा माणूस. घंटेचा निरोप देणारा एकच. आणि या सगळ्यांवर एक प्रमुख, ज्याचं स्वतःचं कोणी नाटकात काम करत नाही, म्हणजे मन आत धावणार नाही. बिल्ल्यावर मंडळाच्या नावाबरोबर ‘प्रेक्षक व्यवस्था’ असं मोठ्या अक्षरांत छापावं, कारण अडचणीत सापडलेला प्रेक्षक आधी तेच शोधतो.

पडदा पडल्यावर दारं दोन्ही बाजूंनी उघडी टाकायची, कार्यकर्त्यांनी वाट सोडून कडेला उभं राहायचं. शेवटचा प्रेक्षक गेला की दोघांनी रांगारांगांतून टॉर्च घेऊन फिरायचं: चष्मे, छत्र्या, डबे, कधी एखादी पर्स सापडते. सापडलेली वस्तू, रांग आणि आकडा वहीत लिहायचा. आकड्यावरून तिकीट विकणाऱ्याला आणि त्याच्यावरून मालकाला गाठता येतं. फाडलेले अर्धे तुकडे दारांप्रमाणे वेगळे मोजून पुस्तकांच्या हिशेबाशी त्याच रात्री ताळा घालायचा, कारण सकाळी कोणालाच काही आठवत नाही. आणि पत्रिकेत प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा यांच्या खाली ‘प्रेक्षक व्यवस्था’ या मथळ्याखाली दारावरच्या प्रत्येकाचं नाव छापायचं. ते नाव छापायला पाठवण्याआधी कामं वाटून झालेली असावी लागतात, म्हणजे प्रयोगाच्या किमान दोन आठवडे आधी.